टेक हाऊस सुरात मिक्स करायचंय? आधी पेटी काढा

कोल्हापुरात कुणाला सांगितलं की मी डीजे वाजवतो, तर समोरचा पहिला प्रश्न टाकतो, "डॉल्बी स्वतःचा हाय का भाड्याचा? टॉप किती, बेस किती?" त्याची चूक नाही म्हणा, आपल्याकडं डीजे म्हणजे मिरवणुकीतली ती छाती हादरवणारी भिंत. माझ्याकडं भिंत नाही. दोन चॅनलचा कंट्रोलर, जुना लॅपटॉप, एक बरा हेडफोन आणि दिवसभर उद्यमनगरात लेथवर काम. लेथचं सांगायचं कारण एवढंच की टूल बोथट झालं की आधी आवाज बदलतो, माप नंतर चुकतं, आणि हे मी पहिल्या सहा महिन्यांत कानाने ओळखायला लागलो, पण दोन ट्रॅक एकमेकांत का बसेनात हे कळायला मात्र दोन वर्षं गेली. तुमची ती दोन वर्षं वाचावीत म्हणून हे लिहितोय.

तुम्हाला बीट जुळवता येतात, चार बार, आठ बार मोजता येतात (चार बीटचा एक बार), एवढं धरून चालतो. ते येत नसेल तर आधी ते करा, सुराचं नंतर बघू, कारण लय सुटली की सूर कितीही गोड असला तरी पब्लिक कट्ट्यावर जाऊन बसतं.

आधी घडलेलं सांगतो. मित्राच्या भावाची हळद होती, पन्हाळ्याच्या रस्त्याला एका शेतात मंडप, आणि मित्र म्हणाला पहिला एक तास तुझं ते टेक हाऊस वाजव, मग मराठी गाणी लाव नाही तर मामा लोक मारतील. मी आठवडाभर घरी लॅपटॉपच्या स्पीकरवर तयारी केली. सॉफ्टवेअरनं एका ट्रॅकला ७ए दाखवलं, दुसऱ्याला ८ए (हे कीचे, म्हणजे ट्रॅक कुठल्या सुरावर बांधलाय त्याचे आकडे, नीट पुढं सांगतो), शेजारी शेजारी, म्हणजे चार्टप्रमाणं एकदम जुळणारे. हळदीत दोन्ही फेडर (आवाजाच्या सरकत्या दांड्या) वर केले आणि त्या मोठ्या बेसमधनं असा काही घूं-घूं-घूं आवाज यायला लागला की साऊंडवाला धावत आला, त्याला वाटलं वायर सैल झाली. १६ बार तसंच वाजलं, म्हणजे जवळजवळ अर्धा मिनिट. मंडपात माझे चुलते बसले होते, ते भजनी मंडळात पेटी वाजवतात, त्यांना टेक हाऊस म्हणजे काय ते ठाऊक नाही आणि ठाऊक करून घ्यायची इच्छा पण नाही. रात्री जेवताना म्हणाले, "आरं, त्यातला एक पांढरी दोनवर बसला हुता, एक पांढरी तीनवर, आणि दोघंबी उठायला तयार न्हाईत. भांडण हुणारच की."

दुसऱ्या दिवशी मी पेटीवर तपासलं. बरोबर. एका ट्रॅकची बेसलाईन पांढरी दोनवर म्हणजे डी वर, दुसऱ्याची पांढरी तीनवर म्हणजे ई वर. सॉफ्टवेअर या दुसऱ्याला ए मायनर, म्हणजे ८ए, म्हणत होतं. हा सगळा लेख म्हणजे त्या वाक्याचंच लांबण आहे, की टेक हाऊसमध्ये की चार्ट नंतर, आधी बेसलाईन कुठल्या पट्टीवर बसलीय ते बघायचं.

असं का, तर टेक हाऊसची घडणच तशी आहे. १९९० च्या दशकात लंडनच्या क्लबांमधून हा प्रकार वर आला, हाऊसचा डुलता ग्रूव्ह आणि टेक्नोचा कोरडेपणा एकत्र करून. आजचा ट्रॅक साधारण १२४ ते १३० बीपीएम (मिनिटाला एवढे बीट), चारही बीटला किक, त्याच्यावर हॅट, क्लॅप, आणि मधे एक गुबगुबीत बेसलाईन जी दोन-तीन सुरांतच फिरते. मेलडी बऱ्याचदा नसतेच, एखादा स्टॅब (कॉर्डचा छोटा ठोका), एखादं व्होकलचं तुकडं, ते पण बोलल्यासारखं. ट्रान्समध्ये किंवा मेलडिक टेक्नोमध्ये वर कॉर्ड आणि लीड असतात, तिथं चुकीची की लगेच वरच ऐकू येते. इथं भांडण तळघरात होतं. आणि तळघरातलं भांडण वाईट, कारण खालचे सूर जवळजवळ असले की कानाला ते वेगळे कळतच नाहीत, नुसती थरथर कळते. डी सुमारे ७३ हर्ट्झ, ई सुमारे ८२ हर्ट्झ, फरक ९ चा, म्हणजे सेकंदाला नऊ धक्के. तोच तो माझा घूं-घूं. लॅपटॉपच्या स्पीकरला तेवढं खालचं वाजवताच येत नाही म्हणून घरी सगळं गोड वाटलं होतं. तेव्हा पहिली गोष्ट, सराव हेडफोनवर करा, लॅपटॉप किंवा मोबाईलच्या स्पीकरवर केलेला सराव धरू नका.

आता कामाला लागू.

सुरुवात फाईलपासून. यूट्यूबवरनं उतरवलेला एमपीथ्री घरी चालून जातो पण मोठ्या साऊंडवर त्याचे हॅट वाळूसारखे घसघसतात आणि की ओळखायला पण त्रास होतो. बीटपोर्ट, बँडकॅम्प असल्या ठिकाणी विकत घ्या, ३२० केबीपीएस किंवा वेव्ह. महिन्याला चार-पाच ट्रॅक घेतले तरी पुरे, खरंच. माझ्याकडं सुरुवातीला ९०० फुकटचे ट्रॅक होते आणि त्यातला एकही मला पाठ नव्हता, आता १५० आहेत आणि प्रत्येकाचा ब्रेक कुठं येतो ते झोपेत सांगेन. बीटपोर्टवर प्रत्येक ट्रॅकपुढं बीपीएम आणि की लिहिलेली असते, ती अंदाज म्हणून घ्या.

मग सॉफ्टवेअरकडनं की काढून घ्यायची. रेकॉर्डबॉक्स, सेराटो, ट्रॅक्टर, व्हर्च्युअल डीजे, सगळ्यांत ही सोय आहे. पैसे नसतील तर मिक्स नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, स्पेलिंगमध्ये तीन एक्सवालं, ओपन सोर्स, आणि ते चांगलं चालतं. एक गोंधळ इथं नवीन माणसाला हमखास होतो तो सांगतो. एकच की प्रत्येक जण वेगळ्या नावानं लिहितो. ए मायनरला कॅमेलॉटमध्ये ८ए म्हणतात, ट्रॅक्टरच्या ओपन की पद्धतीत तेच १एम होतं, आणि मिक्समध्ये कॅमेलॉटसारख्याच आकड्यांना लान्सलॉट असं नाव दिलंय. सेटिंगमध्ये जाऊन एकदाच कॅमेलॉटची पद्धत लावून टाका आणि परत बघू नका. रेकॉर्डबॉक्समध्ये ते अल्फान्यूमेरिक नावाखाली सापडतं.

कॅमेलॉट म्हणजे काय तर घड्याळ. १ ते १२ आकडे, आकड्यापुढं ए असेल तर मायनर, बी असेल तर मेजर. नियम सगळे सांगतात तोच, आहे तिथंच राहा, किंवा एक घर पुढं जा, किंवा एक घर मागं, किंवा त्याच आकड्यात ए चं बी करा. पण एक घर पुढं म्हणजे नक्की काय हे कुणी सांगत नाही, आणि आपल्या माणसाला ते एका वाक्यात कळण्यासारखं आहे. एक घर पुढं म्हणजे जुन्या ट्रॅकचा पंचम हा नव्या ट्रॅकचा षड्ज. एक घर मागं म्हणजे जुना मध्यम हा नवा षड्ज. बस. तानपुऱ्याची पहिली तार पंचमात लावतात, नाही तर मध्यमात, ते गोड का लागतं हे ज्याला माहिती त्याला कॅमेलॉटचं घड्याळ पाठ करायची गरज नाही. इथून तासाभरावर मिरजेत पिढ्यान्पिढ्या तानपुरे बनतात आणि आम्ही पोरं इंग्रजी व्हिडिओ लावून पंचम शिकतो, असो.

आकड्यात बघा. ८ए म्हणजे ए मायनर, सूर ए, बी, सी, डी, ई, एफ, जी. ९ए म्हणजे ई मायनर, त्यात एफ च्या जागी एफ शार्प येतो, बाकी सहा सूर तेच. सातातले सहा सारखे, एक वेगळा, म्हणून शेजारचं घर चालतं. दोन घरं गेलात की दोन सूर वेगळे, तीन घरं गेलात की तीन, आणि मग कान कुरकुरायला लागतो.

आता पेटी. घरी, शेजारी, देवळात, कुठंतरी पेटी असतेच, नसली तर मोबाईलमध्ये पियानोचं ॲप टाका. जुनी पेटी असली तर ट्यूनरच्या ॲपवर एकदा बघून घ्या, बऱ्याच पेट्या थोड्या चढलेल्या नाही तर उतरलेल्या असतात. मी एका कागदावर लिहून लॅपटॉपला चिकटवलंय, तुम्ही पण उतरवून घ्या: १ए काळी चार, २ए काळी दोन, ३ए काळी पाच, ४ए पांढरी चार, ५ए पांढरी एक, ६ए पांढरी पाच, ७ए पांढरी दोन, ८ए पांढरी सहा, ९ए पांढरी तीन, १०ए पांढरी सात, ११ए काळी तीन, १२ए काळी एक. ही त्या त्या मायनर कीच्या षड्जाची पट्टी.

प्रत्येक नव्या ट्रॅकबरोबर हे करा. ड्रॉपमधल्या, म्हणजे किक आणि बेस पूर्ण जोरात येतात तिथल्या, बेसलाईनवर चार बारचा लूप लावा. हेडफोन एका कानावर. बेस जिथं परत परत येऊन बसतो तो सूर आधी तोंडानं गुणगुणा, लाजू नका, घरात कुणी विचारलं तर भजन म्हणतोय म्हणा. मग तो पेटीवर शोधा आणि पट्टी दाबून धरून लूप दोनदा जाऊ द्या. पट्टी दाबलेली असताना बेस तिच्यात विरघळला, वेगळा ऐकूच येईना, तर तीच पट्टी. डोकं दुखायला लागलं तर शेजारची दाबा. सुरुवातीला एका ट्रॅकला पाच मिनिटं लागतात, महिन्याभरानं अर्धा मिनिट.

आता पेटीची पट्टी आणि सॉफ्टवेअरचा आकडा जुळतोय का बघा. दहातल्या बऱ्याच ट्रॅकला जुळेल. नाही जुळला तर घाबरायचं नाही, चुकायचे प्रकार ठरलेले आहेत. एक, सॉफ्टवेअर पंचमालाच षड्ज समजतं, मग एक घर इकडंतिकडं होतं, हे फारसं नडत नाही. दोन, मायनरच्या जागी त्याच आकड्याचं मेजर दाखवतं, हे तर अजिबातच नडत नाही, सूर तेच असतात. तीन, ट्रॅकमध्ये सूरच नाहीत, नुसतं ड्रम आणि एक टॉम (घुमणारा ड्रम), तरी सॉफ्टवेअर कायतरी आकडा देतंच, कारण त्याला "माहिती नाही" म्हणता येत नाही. आणि चौथा प्रकार माझ्या हळदीतला. ए मायनरचे सात सूर आणि ई पासून सुरू केलेली आपली भैरवी, सूर अगदी तेच, फरक फक्त षड्ज कुठं मानला याचा. सॉफ्टवेअर सूर मोजतं, षड्ज ओळखण्यात कच्चं पडतं. टेक हाऊसमध्ये बेसवाल्यांना षड्जाला चिकटलेला तो कोमल रिषभ लई आवडतो, त्यानं ग्रूव्हला काळसर रंग येतो, त्यामुळं ही चूक या प्रकारात जास्तच भेटते. अशा ट्रॅकला मी आकडा ८ए च ठेवतो पण कॉमेंटच्या रकान्यात "बेस पां ३" असं लिहून ठेवतो, म्हणजे वर स्टॅब वाजत असताना आकडा बघायचा आणि नुसता बेस वाजत असताना कॉमेंट बघायची. तुम्ही तुमची पद्धत काढा, पण लिहून ठेवा, रात्री साडेनऊला गर्दीत काही आठवत नाही.

किकला पण सूर असतो, हे बऱ्याच जणांना पटत नाही. हलगीवाला मिरवणुकीच्या आधी जाळावर हलगी का शेकतो मग? कातडं चढतं, सूर वर जातो. तसंच प्रोड्युसर किक ट्यून करतो, बऱ्याचदा ट्रॅकच्या षड्जाला धरून, ५० हर्ट्झच्या आसपास. म्हणून दोन ट्रॅकच्या दोन किका पूर्ण लो (खालच्या आवाजाचा नॉब) सकट एकत्र कधीच वाजवायच्या नाहीत, की जुळत असली तरी नाही.

पुढचं बटण की लॉक. पायोनियरच्या मशीनवर याला मास्टर टेम्पो म्हणतात. हे बंद असेल तर ट्रॅकचा वेग वाढवला की सूर पण चढतो, टेप फास्ट केल्यासारखा. सुमारे ६ टक्के वेग बदलला की बरोबर एक पट्टी बदलते, पांढरी एकची काळी एक. १२६ चा ट्रॅक १२८ ला नेला तर फक्त दीड टक्का, सूर पाव पट्टी सरकतो, कुणाला कळत नाही. पण १२४ चा ट्रॅक १३० ला नेला तर जवळजवळ पाच टक्के, म्हणजे सूर पट्टीच्या चार पंचमांश सरकला आणि तुमचा तो आकडा खोटा पडला. म्हणून नवीन माणसानं की लॉक चालूच ठेवावा. तज्ज्ञ लोक म्हणतात त्यानं किकची धार जाते, आणि फार ताणलं तर खरंच जाते, पण दोन-तीन टक्क्यांत मला मंडपातल्या साऊंडवर कधी फरक ऐकू आलेला नाही. हे माझं मत, भांडायला येऊ नका.

आता एक मिक्स सावकाश करून बघू. पहिला ट्रॅक ५ए, १२६ बीपीएम, बेस पांढरी एकवर. दुसरा ६ए, मूळचा १२८, बेस पांढरी पाचवर. म्हणजे षड्जावरनं पंचमावर, सगळ्यात सोपी चाल. दुसऱ्याला १२६ वर आणून ठेवा, की लॉक चालू.

पहिल्या ट्रॅकचा शेवटचा ड्रॉप ३२ बारचा, आणि त्यानंतर आउट्रो ३२ बार ज्यात बेस निघून जातो, अशी बांधणी बहुतेक ट्रॅकची असते. दुसऱ्याची इंट्रो ३२ बार नुसत्या ड्रमची, आणि मग त्याची बेसलाईन येते. आता जुळणी डोळ्यासमोर आणा. पहिल्याचा शेवटचा ड्रॉप ज्या बीटला पडतो त्याच बीटला दुसरा सोडायचा. १२६ ला ३२ बार म्हणजे ६१ सेकंद. म्हणजे एक मिनिटानं एकाच वेळी इकडं बेस जातो आणि तिकडं बेस येतो, तुम्ही काही केलं नाही तरी. टेक हाऊस प्रोड्युसरनं हा ट्रॅक डीजेसाठीच कापून ठेवलाय, आपण फक्त टाका घालायचा.

सोडायच्या आधी दुसऱ्याचा लो पूर्ण बंद, मिड (मधल्या आवाजाचा नॉब) थोडा खाली, फेडर खाली. ड्रॉप पडला, सोडला. पहिले आठ बार फेडर हळू वर, फक्त हॅट ऐकू येऊ द्यात, लोकांना कळता कामा नये की काही आलंय. १६ बारला मिड सरळ. हेडफोनमध्ये दोन्ही एकत्र ऐकत राहा, दुसऱ्यात एखादा स्टॅब आला आणि खुपला तर मिड परत खाली, लाजायचं काय त्यात. २४ बार झाले की हात दोन्ही लो च्या नॉबवर. आणि ३३ व्या बारच्या पहिल्या किकवर पहिल्याचा लो बंद, दुसऱ्याचा लो चालू, एका झटक्यात. खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी म्हणतात ना आपल्यात, तसं. हळूहळू फिरवलंत तर मधले दोन बार दोन्ही बेस अर्धे अर्धे वाजतात, ना धड हा ना धड तो, तांबडा आणि पांढरा रस्सा एकाच वाटीत ओतल्यासारखं. दोन्ही चांगले, पण वाट्या वेगळ्या.

त्यानंतर पुढचे १६ बार पहिल्याचे हॅट सावकाश काढत फेडर खाली. झालं. पहिल्यांदा करताना तुम्ही ३३ च्या जागी ३४ ला पलटी माराल, सगळे मारतात.

एखाद्या ट्रॅकचा बेस आउट्रोमध्ये पण चालूच राहतो, तेव्हा जोडी सुराची असली तरी लो ची पलटी तुम्हालाच करायची. आणि व्होकल. दोन्हीकडं बोलणं असेल तर एकत्र कधीच नाही, की काय पण असू दे, दोन माणसं एकाच वेळी माईकवर बोलल्यासारखं होतं. उलट टेक हाऊसमधलं बोललेलं, रॅप केलेलं व्होकल सुरात नसतंच बऱ्याचदा, ते कुठल्याही कीच्या ड्रमवर बसतं. गायलेलं असेल तर मात्र पेटी काढा.

की जुळतच नसेल तर? हा ट्रॅक वाजवायचाच नाही का? वाजवायचा की. आकड्यासाठी चांगला ट्रॅक सोडणारे डीजे मी बघितलेत, त्यांचा सेट कॅलेंडरसारखा ऐकू येतो, सगळं जागेवर आणि एकही दिवस लक्षात राहत नाही. न जुळणाऱ्याला सूर नसलेल्या जागेतनं आत आणायचा. पहिल्याच्या आउट्रोतल्या नुसत्या ड्रमवर आठ बारचा लूप लावा, त्यावर दुसऱ्याची नुसती ड्रम इंट्रो, तिथं भांडायला सूरच नाहीत. किंवा पहिल्यावर एको टाकून तोडा, एक बीट शांतता, दुसरा थेट ड्रॉपवर. किंवा सॉफ्टवेअरमधल्या की शिफ्टनं एक पट्टी खाली-वर करा, ३ए चा ट्रॅक एक पट्टी उतरवला की ८ए होतो. एक पट्टी चालते, दोन कशीबशी, त्यापुढं व्होकलवाल्याचा आवाज कार्टूनमधल्या उंदरासारखा होतो.

मुद्दाम न जुळणारी उडी पण असते, ती जेवणातल्या मिरचीएवढी वापरा. दोन घरं पुढं गेलात, ६ए वरनं ८ए, की सूर दोन पट्ट्या वर चढतो. सात घरं पुढं, ८ए वरनं ३ए, की फक्त एक पट्टी वर, आणि खोलीतला उजेड कुणी वाढवल्यासारखं वाटतं. दोन्हीत सुरावर सूर चढवायचा नाही, ड्रमवर किंवा ब्रेकमध्ये उडी मारायची. तासाभराच्या सेटमध्ये साडेचार मिनिटांनी ट्रॅक बदलला तरी तेरा ट्रॅक होतात, त्यात अशा दोन उड्या पुष्कळ. माझा सध्याचा एक सेट ४ए ला सुरू होतो, तिथं दोन ट्रॅक, मग ५ए दोन, ६ए दोन, तिथनं उडी ८ए, ८ए, ९ए, परत ८ए, मग दुसरी उडी ३ए आणि शेवटचे दोन तिथंच. तासभर एकाच आकड्यात बसू नका. सगळं जुळतं, हो, पण अर्ध्या तासानं लोकांना कंटाळा येतो आणि का येतोय ते त्यांना सांगता येत नाही, ते नुसते मोबाईल काढतात.

सरावाचं सांगतो. पहिला आठवडा फक्त एकाच आकड्याचे चार ट्रॅक, उलटसुलट. दुसऱ्या आठवड्यात एक घर पुढं-मागं. तिसऱ्यात मुद्दाम चुकवा, ७ए वर १ए लावा, दोन्ही बेस पूर्ण वर ठेवा आणि ते घाणेरडं नीट ऐका, कारण बरोबर काय ते ओळखायच्या आधी चूक कशी लागते ते कानाला कळायला पाहिजे, आणि ते घरी कळलेलं बरं. प्रत्येक वेळी रेकॉर्ड करा पण लगेच ऐकू नका. वाजवल्यावर लगेच सगळं भारीच वाटतं. मी दुसऱ्या दिवशी गाडीवरनं कामाला जाताना नाही तर रात्री गंगावेशीत दुधाचा ग्लास हातात घेऊन एका कानात लावून ऐकतो, आणि जिथं नकळत तोंड वाकडं होतं तो मिनिट लिहून ठेवतो.

ज्या गावात १८८३ पासून देवल क्लब आहे आणि अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी गवई होते, त्या गावात घरटी एक तरी सुराचा माणूस सापडतो. त्याला पकडा. त्याला टेक हाऊस कळायची गरज नाही, एक हेडफोन त्याच्या कानाला लावा आणि विचारा, पट्टी कुठली? माझे चुलते अजून पण या संगीताला "मशीन" म्हणतात, पण नवीन ट्रॅक लावला की पेटीवरनं हात न काढता सांगतात, "काळी पाच. आणि त्यो मधला घुमणारा जरा उतारलाय बघ." घुमणारा म्हणजे टॉम. उतरलेलाच असतो.